धूळ पुसायची नाही

आमचं घर कशेडी घाटाच्या पायथ्याशी, हमरस्त्याला अगदी खेटून होतं. घाट चढायला लागण्याआधी ट्रकवाले जिथे गिअर बदलतात, नेमकी ती जागा. त्यामुळे आमच्या घरात सगळ्यांना वाक्य मध्येच तोडायची सवय लागली होती. आई म्हणायची, "इंदू, चुलीवरचं..." आणि ट्रकचा घरघराट सुरू झाला की तशीच थांबायची. ट्रक वर गेला की "...पिठलं उतरव," म्हणून वाक्य पुरं करायची. मी आजही बोलताना अशी मध्येच थांबते. जुन्या गाडीचा सौदा करताना समोरच्या गिऱ्हाइकाला वाटतं ही आता उठून जाणार, आणि तो घाईघाईने स्वतःच आकडा वाढवतो. हमरस्त्याने मला दिलेली ही एवढीच इस्टेट.

दुसरं त्याने काय दिलं, तर धूळ. होळीनंतर ती सुरू व्हायची. तांबडी, मऊ, हाताला पिठासारखी लागणारी. वाळत घातलेल्या सुकटीवर, देव्हाऱ्यातल्या टाकांवर, नाचणीच्या भाकरीच्या पापुद्र्यात. आई जेवायला वाढण्याआधी ताट पदराने पुसायची आणि पदर झटकला की त्यातली धूळ पुन्हा ताटात. आम्ही ती खाल्ली आणि मोठे झालो. आता चौपदरी रस्ता झाला, घाटात बोगदा झाला, आमच्या घराच्या जागी रस्त्याची भिंत आहे. धूळ मात्र आहे तिथेच आहे.

घरात आम्ही चौघं. आबा म्हणजे आमचे वडील, आई, माझी मोठी बहीण शालू आणि मी. आबांनी उमेदीची वर्षं मुंबईत एका शेठची गाडी चालवली. गुडघे दुखायला लागल्यावर गावी आले ते शेठची जुनी काळी अँबॅसेडर घेऊनच आले. आमच्या भागात तेव्हा लग्नाला जीप नाहीतर टेम्पो. नवरानवरीला बसवायला काळी, चकचकीत, गोल पाठीची गाडी म्हणजे मोठी गोष्ट. पोलादपूर, महाड, थेट बिरवाडीपर्यंत आबांना बोलावणी यायची. लोक गाडीत बसण्याआधी बॉनेटमध्ये वाकून भांग बघायचे. गाडीचं इंजिन तसं म्हातारंच होतं, चढावर धापा टाकायचं. गाडीची किंमत होती ती तिच्या रंगात. आणि तो रंग मी सांभाळत होते.

हे काम माझ्याकडे कसं आलं ते आठवत नाही. शालूला हात खराब झालेले चालत नव्हते आणि आबांना वाकता येत नव्हतं, बहुधा एवढंच. पण आबांनी मला ते नीट शिकवलं, म्हणजे मुंबईत ते स्वतः ओरडा खाऊन जे शिकले तेच. गाडी फणसाखाली उभी करायची, सावलीत. आंब्याखाली नाही, आंब्याचा चीक पडतो. कितीही बारीक धूळ असली तरी कोरडा फडका लावायचा नाही. त्या पिठासारख्या धुळीत वाळूचे कण असतात, फडक्याखाली ते खिसणीसारखे फिरतात. आधी नुसतं पाणी. आबांनी महाडहून पत्र्याची झारी करून आणली होती, बागेला घालायची असते तशी. टपावर पाणी सोडायचं, मग काच, मग बॉनेट, मग दारं. चाकांजवळची बाजू सगळ्यात शेवटी, कारण तिथे खडी असते आणि तिथला फडका वर नेला की संपलं.

धूळ भिजून ओघळून गेली की मग साबणाचं पाणी. बादल्या दोन. एकीत साबण, दुसरीत नुसतं पाणी, आणि प्रत्येक वेळी फडका आधी साध्या पाण्यात खंगाळायचा, मगच साबणात बुडवायचा. फडका म्हणजे आईचं जुनं लुगडं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं, काठ कापून टाकलेलं, कारण काठाचा धागा टणक असतो. दाबायचं नाही. फडक्याच्या स्वतःच्या वजनाने सरळ ओढायचं, गोल फिरवायचं नाही. फडका जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता मेला. शेवटी कोरडा फडका अंगावर पसरायचा, तळहाताने थोपटायचा आणि उचलायचा. "धूळ पुसायची नाय गो," आबा ओटीवरून सांगायचे. "धूळ न्यायची. पाण्याच्या पाठीवर बसवून न्यायची."

आज माझ्या आवारात पोरं फेस मारायच्या यंत्राने गाड्या धुतात आणि परदेशी फडके वापरतात. पण क्रम तोच आहे.

आबांना चालवणं जड जायला लागलं तेव्हा घरात प्रश्न आला की पुढे गाडी कोण चालवणार. आईचा भाऊ, आमचा धोंडूमामा, पलीकडच्या वाडीत राहायचा. त्याचा मुलगा विलास मुंबईला दोन ठिकाणी नोकरी सोडून परत आलेला, लायसन होतं, आणि येता-जाता गाडीवर थाप मारून म्हणायचा, "काय आबा, गाडी कंटाळली तुमच्याकडं." मामाही सुचवायचा. आबा नुसतं हं करायचे. मी एका सकाळी गाडी थोपटून सुकवताना आबांना सरळ विचारलं, "मी चालवली तर?" आबांनी पान लावायचं थांबवलं. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "शालूचं लगीन उरकू दे. मग तुला शिकवतो. रंग ज्याला कळतो त्याच्याच हातात गाडी जावी." बायकांना रायगडावर न्यायला, हिरकणीवाडीपर्यंत, बाई ड्रायव्हर असली तर बरंच, असंही म्हणाले. मी कोणालाच सांगितलं नाही. रात्री अंथरुणात पाय दुमडून क्लच दाबून बघायची.

आता रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या वाडीत पाठवणीच्या वेळी नवरीच्या गाडीवरची धूळ मामाने पुसायची असते. बैलगाडीच्या काळातली रीत. माहेरची धूळ पोरीच्या मागे सासरी जाऊ नये, म्हणून मामाला मानाचा जो नवा कोरा टॉवेल मिळतो त्यानेच गाडीचं जू आणि फळ्या पुसायच्या. बैलगाडीच्या फळीला त्याने काय होतंय? पण आता दारात अँबॅसेडर होती. ही गोष्ट माझ्या डोक्यात लग्न ठरल्यापासून होती. मी आबांना म्हटलं, मामाला सांगा, नुसत्या काचेवरून टॉवेल फिरवा, काचेला चालतं, मानही होतो. आबा म्हणाले, "सांगतो." हळदीच्या दिवशी पुन्हा विचारलं. "सांगतो म्हटलं ना." लग्नाच्या सकाळी तिसऱ्यांदा विचारलं तर माझ्यावरच डाफरले.

लग्न दारातच होतं. पहाटेपासून वाटाणा-बटाटा, वालाचं बिरडं आणि बुंदीचा वास. मी पहाटेच गाडी धुऊन ठेवली होती आणि शेवंतीच्या माळा अशा बांधल्या होत्या की सुतळी रंगाला कुठे लागणार नाही. वऱ्हाड घाटापलीकडून, खेडकडून आलं. जेवणं झाली, आणि पाठवणीची वेळ आली तेव्हा त्यांच्या बसच्या ड्रायव्हरने बस आमच्या दारासमोरच्या खळ्यातच मागेपुढे करून वळवली. धुळीचा एवढा लोट उठला की बँडवाला खोकायला लागला. लोट बसला तेव्हा काळी गाडी तांबडी झाली होती. मी झारी उचलली आणि मागच्या विहिरीकडे पळाले.

भरलेली झारी घेऊन परत आले तर मामा बॉनेटवर ओणवा. हातात तो टॉवेल, कांजी न गेलेला, कडक. एक पाय पुढे टाकून, पाट्यावर पुरण वाटावं तसा जोर लावून, गोल गोल. सगळी माणसं कौतुकाने बघतायत. आबा ड्रायव्हरच्या दाराशी उभे. बघतायत.

मी झारी टाकली. "मामा! हात काढा! अक्कल हाय का नाय? घासताय ती काय तुमची म्हस हाय?"

मागे दोन-तीन बायका फिस्सकन हसल्या. त्या हसल्या नसत्या तर कदाचित निभावलं असतं. मी टॉवेल ओढला, मामाने सोडला नाही, मी जोरात हिसका दिला आणि मामाची टोपी धुळीत पडली.

मामाने ती उचलली नाही. "बघा," तो सगळ्यांकडे वळून म्हणाला. "सख्खी भाची. मला अक्कल इचारते. भर मांडवात." आणि उघड्या डोक्याने चालायला लागला. आई मागे धावली. "दादा, अरे दादा, पोर हाय ती!" मामा थांबला नाही. शालू गाडीत बसून रडत होती, ते पाठवणीचं रडणं होतं की हे, कोणाला कळलं नाही. आबांनी गाडी सुरू केली. ती वळून उन्हात आली तेव्हा मी बॉनेटकडे पाहिलं. पुसलेल्या जागी सूर्य पडला होता आणि त्याच्याभोवती बारीक बारीक रेषांचं कोळ्याचं जाळं होतं.

त्यानंतर घरात जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही. कोणी ओरडलं नाही. आईने माझ्याशी बोलणं कमी केलं. लग्नाचा उरलेला भात मळून तिने त्याचे सांडगे घातले, माझ्यासमोरच बसून, आणि ट्रक आला की थांबायची, पण ट्रक गेल्यावर पुढचं बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "तुला एक गाडी हाय. मला एकच भाऊ हाय." मामाकडे आंबे उतरले, त्यांच्या घरी सत्यनारायण झाला, आईला निरोप आला नाही. ती त्या दिवशी ओटीवर बसून त्या वाडीकडून येणाऱ्या पायवाटेकडे बघत राहिली.

मला काय वाटत होतं, असं माझी सून विचारते. काही वाटत नव्हतं. मी गाडी धुवत होते, आणि गाडी सुकली की जाळं बघत होते.

शेवटी आबांनीच मामाला बोलावणं धाडलं. मामा आला, विलासला बरोबर घेऊन. आईने चुलीवर कोंबडीचा रस्सा ठेवला होता, वड्यांचं पीठ भिजवलं होतं. मामा ओटीवर बसला, पण पाण्याच्या तांब्याला हात लावला नाही.

"मला काय नको," मामा म्हणाला. "पोरीनं पाया पडावं. आनि त्या गाडीला हात लावू नये. गाडीनं डोकं फिरलंय तिचं. विलास चालवील, धुवील, सगळं करील. तुमचे गुडघे तरी सुटतील."

तेव्हा मला दिसलं की टोपी पडली यात मामाचं नुकसान काहीच झालं नव्हतं. मी आयुष्यात पुढे खूप सौदे केले. माणूस रागावला आहे की रागाचा भाव लावतो आहे, हे मला लगेच कळतं. ते मी त्या ओटीवर शिकले.

"पडते पाया," मी म्हटलं. "पण आधी बॉनेट बघा. सगळ्यांनी. ओरखडे असले, तर मामांनी कबूल करायचं, आणि गाडी माझ्याकडं राहील. नसले, तर मी पाया पडते आणि चावी विलासला."

"असं काय टावेलानं ओरखडे पडतात?" विलास हसला. "लोखंड हाय ते."

"मग घाबरतोस कशाला?"

"घाबरतो कोन?" मामा उठलाच. "चला. बघू."

मी जिंकले होते. सकाळचं ऊन फणसाच्या बाहेर खळ्यात पडलेलं होतं, गाडी तिथे काढायची आणि दाखवायचं, एवढंच उरलं होतं. पण गाडी आदल्या दिवशी बिरवाडीला जाऊन आली होती आणि तिच्यावर धुळीचा थर होता. थराखाली काही दिसेना. विलासने खिशातून रुमाल काढला. मी त्याचा हात धरला.

आबा ओटीवरून म्हणाले, "इंदू, धुवून घे. मग बघतील."

बरोबरच होतं ते. मी नाही म्हणायचं काही कारण नव्हतं. मी विहिरीवरून पाणी आणलं, झारी भरली. सगळे उभे होते म्हणून मी नेहमीपेक्षा सावकाश केलं. टप, काच, बॉनेट. धूळ ओघळली. साबण, साधं पाणी, पुन्हा झारी. बॉनेटवर पाण्याचा पडदा राहिला आणि त्यात फणसाची पानं, आभाळ, मामाची टोपी, सगळं जसंच्या तसं दिसायला लागलं. काळं, गुळगुळीत, एकही रेष नाही.

बारीक ओरखड्यात पाणी भरलं की ओरखडा दिसत नाही. हे मला माहीत होतं. रोज बघत होते. सुकवल्यावरच तो वर येतो. मी सुकवायचा फडका आणायला दोरीकडे वळले, तेवढ्यात आबा खाली उतरले, गुडघा धरत, आणि गाडीपाशी येऊन उभे राहिले.

"बघा, मेव्हणे," ते मामाला म्हणाले.

मामा वाकला. तोंड बॉनेटजवळ नेलं. हात मागे बांधलेले. "कुठं हाय?"

"सुकू दे मामा," मी म्हटलं. "फडका आणते. सुकली की दिसेल."

"अगो, पान्यात आरशासारखी दिसते. सुकल्यावर काय नवीन येनार हाय का तिच्यात?" विलास म्हणाला. "कुठं हाय ओरखडा, दाखव. बोट ठेव."

मी बोट ठेवलं. बोटाखाली काही नव्हतं.

"आबा, सांगा ना," मी म्हटलं. "थोडा वेळ. सुकू दे म्हणावं."

आबांनी मुंबईत इतकी वर्षं गाड्या धुतल्या. मला जे माहीत होतं ते त्यांच्याकडूनच आलेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खिशातून चावी काढली, विलासच्या हातात दिली आणि म्हणाले, "सगळ्यांनी बघितलंय. झालं आता. जा, एक फेरी मारून ये." विलास बसला, गाडी सुरू झाली, आणि पाणी निथळत असलेली गाडी रस्त्याला लागली. मी कबूल केलं होतं म्हणून मामाच्या पाया पडले. त्याने डोक्यावर हात ठेवला. आई आतून धावत आली, तिच्या हाताला पीठ होतं, आणि ती मामाला "चल, वडे गरम हायत," म्हणत होती. मामा जेवला. चार वेळा रस्सा घेतला. आई त्याला वाढताना हसत होती. मीही जेवले.

आबांनी मला मुद्दाम धुवायला लावली का, हे मी त्यांना खूप वर्षांनी विचारलं. तेव्हा ते म्हातारपणी माझ्या आवारात दिवसभर खुर्ची टाकून बसायचे, माझ्या विकायच्या गाड्या बघत. ते म्हणाले, "जेवलीस का?" मी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी आईचं माहेर राखलं, हा हिशोब मला समजतो. मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. पण माझा रंग त्यात गेला, आणि मी बरोबर होते हे त्या ओटीवर ज्या एकाच माणसाला माहीत होतं, तो बोलला नाही. आजही कोणी ओली गाडी विकायला आणली तर मी ती बघत नाही. पावसातून आलेली असो की धुऊन आणलेली. माणसाला चहा देते, पुन्हा चहा देते, आणि गाडी सुकेपर्यंत बसवून ठेवते. काही लोक रागावून निघून जातात. ते गेलेलेच बरे.

विलास संध्याकाळी परत आला. फेरी म्हणून गेला तो महाडपर्यंत जाऊन आला होता. गाडी टपापासून खालपर्यंत तांबडी. ओरखडे पाण्याखाली दिसत नाहीत तसे धुळीखालीही दिसत नाहीत. स्वच्छ, कोरड्या रंगावरच दिसतात, आणि आता ती गाडी तशी कोणी ठेवणार नव्हतं. मामा पान खाऊन आत लवंडला होता. विलास उतरला, दार आपटलं, खिशातून रुमाल काढून झटकला आणि शीळ घालत बॉनेट पुसायला लागला. कोरडंच. गोल गोल.

मी दारात उभी होते. आबा ओटीवर सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. मी आबांकडे पाहिलं. ते विलासच्या हाताकडे बघत होते. मग अडकित्ता पुन्हा सुरू झाला, आणि विलासचं सगळं बॉनेट पुसून होईपर्यंत आम्ही दोघं तिथेच होतो.